रक्तदाब : पंप, पाइप आणि प्रेशर

फ्लुइड मेकॅनिक्स अवघड जातं ही आपली नेहमीचीच बोंब. पण मित्रांनो, तोच विषय चोवीस तास आपल्या अंगात चालू असतो. हृदय हा पंप, धमन्या हे पाइप. '१२०/८०' म्हणजे हृदय आकुंचन पावताना धमनीतला दाब १२० आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ८० मिलिमीटर पारा. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा सुमारे १.६ मीटर उंच स्तंभ. (हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला एवढं प्रेशर मिळालं तरी खूप झालं!)

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब. शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांत त्याचं एकच असं कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, दारू, बैठं काम, मीठ असं सगळं मिळून ते घडतं. उरलेल्यांत किडनी किंवा ग्रंथींचे आजार निघतात. बारीक धमन्या आवळल्या की काय होतं ते पॉइसुलीच्या सूत्रात घालून बघा : त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली, तर तेवढाच प्रवाह ठेवायला जवळजवळ दीडपट दाब लागतो. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, म्हणजे त्याच पाइपात माल जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपल्याकडे पापड, लोणचं, फरसाण यांतच त्यातला बराच भाग जातो. ठेच्यातली मिरची उगाच बदनाम होते, काम मिठाचं असतं.

मोजतानाही गफलत होते. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबावं, पाच मिनिटं शांत बसावं, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ८ ने वाढतो. हायड्रोस्टॅटिक्स, दुसरं काय!

खरी अडचण गावाकडे आहे. वडिलांना बीपी निघतं, महिनाभर गोळी घेतात, "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून देतात. पण हा आजार बहुतेकदा दुखतच नाही, मग बरं वाटण्याला अर्थ काय? 'गोळीची सवय लागते' हाही गैरसमजच. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या जुन्या, पारखलेल्या आहेत. जेनेरिक स्वरूपात स्वस्तही मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत अशाच ठरावीक गोळ्या आणि नियमित तपासणी यांवर भर दिला गेला. डोस मात्र डॉक्टरच ठरवणार. आणि एक, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, हे घरी जरूर सांगा. दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. बीपी मोजायला नांदेड-लातूर गाठायची गरज नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं तर मात्र घरगुती उपाय नकोत, १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. किनवट किंवा निलंग्याकडच्या खेड्यातून निघायचं तर त्यातला किती वेळ रस्त्यातच जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.