विश्वासाने तारण, मग सत्कृत्ये कशासाठी?

प्रश्न : तारण केवळ विश्वासाने होते, असे आमचे पाळकसाहेब सांगतात. याकोबाच्या पत्रात मात्र सारा भर कृतीवर आहे. नेमके काय मानायचे?

उत्तर : पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौल (रोमकरांस ४) भर देतो तो उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायावर. तिथे अब्राहाम देवाच्या वचनावर भरवसा ठेवतो आणि तेवढ्यावर नीतिमान गणला जातो. त्याची सुंता झालेली नाही, इसहाकाचा जन्मही व्हायचा आहे. याकोब तेच वचन घेतो, पण इसहाकाला वेदीवर ठेवल्याच्या, म्हणजे २२ व्या अध्यायाच्या प्रकाशात. मध्ये बरीच वर्षे गेली आहेत.

दोघांसमोरची माणसेही वेगळी. परराष्ट्रीयांवर सुंतेची अट लादणाऱ्यांना पौल विरोध करतो. याकोबाचा संताप उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यावर आहे. असला विश्वास पौलानेही मान्य केला नसता. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेने तारण सांगितल्यावर लगेच, १० व्या वचनात, तो सत्कृत्यांकडे वळतो. ती तारणाची किंमत नव्हेत, तारणाचे फळ आहेत.

या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पश्चिमेतली मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. काही मतभेद उरले, पण माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

‘माझी सत्कृत्ये पुरेशी आहेत का?’ ही धास्ती मनात असेल, तर लूक २३ मधला वधस्तंभावरचा चोर आठवा. त्याच्याजवळ एक विनवणी तेवढी होती.