वीस लाखांच्या आधी

भोसरी, पुणे

चि. केतकी,

परवा तुझा फोन आला तेव्हा लेथ चालू होता, निम्मं ऐकूच आलं नाही. दुधातली युरियाची भेसळ ओळखणारं यंत्र, कंपनीची नोंदणी झाली आणि आता ‘सरकारचे वीस लाख’, एवढं कळलं. ताईची इच्छा आहे की मी तुला समजावून परत नोकरीला लावावं. ते माझ्याच्याने होणार नाही. पण त्या वीस लाखांविषयी लिहितो.

स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना २०२१ सालची, ९४५ कोटींची. नमुना बनवून तो चालतो हे दाखवायला २० लाखांपर्यंत अनुदान. बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज, नाहीतर पुढे शेअरमध्ये बदलता येणारे रोखे. यातला ‘पर्यंत’ हा शब्द कुणी वाचत नाही. पैसे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत येतात; कुणाला द्यायचे ते तीच निवडते, आणि टप्पा पुरा झाला की पुढचा हप्ता सुटतो. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नाही, म्हणजे तुझं घड्याळ नोंदणीच्या दिवशीच सुरू झालं. पुण्यातच एनसीएल या प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर नावाचं इन्क्युबेटर आहे. एक अख्खा दिवस काढून तिथे जाऊन ये.

सरकार स्वतः का निवडत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. २०१६ मधला दहा हजार कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ घे. तो सिडबी ही लघुउद्योगांची बँक सांभाळते, पण त्यातला एक रुपयाही थेट स्टार्टअपला जात नाही. तो सेबीकडे नोंदलेल्या खासगी फंडांना मिळतो आणि त्यांनी त्याच्या निदान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घालायची असते. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. नव्या तंत्रज्ञानात बरेचसे पैसे बुडणारच, आणि बुडालेल्या पैशाची फाईल उद्या आपल्या टेबलावर यावी असं कुठल्या अधिकाऱ्याला वाटेल? म्हणून निवडीचं काम बुडीत सोसू शकणाऱ्याकडे दिलंय. २०२५ च्या एक लाख कोटींच्या संशोधन निधीच्या बातमीने मात्र हुरळू नकोस. तो प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या, पुढच्या पायरीवरच्या कामासाठी आहे.

अनुदानापेक्षा मला आपल्या राज्याचा स्टार्टअप सप्ताह आवडतो. निवडलेल्यांना सरकारी काम मिळतं, म्हणजे सरकार गिऱ्हाईक होतं. पण एक सांगून ठेवतो. २००९ साली मी एका सरकारी खात्याला गेज पुरवले, पैसे चौदा महिन्यांनी आले. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हा कायदा २००६ पासून आहे. मी व्याज मागितलं नाही. पुढची ऑर्डर जाईल ही भीती! तुझ्या मामीने तेव्हा पाटल्या मोडल्या. तू उद्यम नोंदणी आजच करून घे, आणि हप्ता आलाच नाही तरी सहा महिने पगार निघतील एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय माणूस ठेवू नकोस.

आता माझी खरी शंका. १९१० साली औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावरची जमीन दिली. त्यांचा लोखंडी नांगर मात्र शेतकऱ्यानेच घ्यायचा होता, आणि त्याला वाटायचं, लोखंडाने जमीन नासते. त्याची समजूत घालायला राजा येणार नव्हता. तुझ्या यंत्राचं गिऱ्हाईक म्हणजे गावातला संकलन केंद्र चालवणारा. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, तो मोजतो, कारण त्यावर दर ठरतो. युरिया सापडला तर त्याने काय करायचं? शेजाऱ्याचा कॅन परत पाठवायचा? तो शेजारी दुसऱ्या दिवशी समोरच्या डेअरीला दूध घालेल. मग हे यंत्र त्याला हवं आहे का, की पुढे दूध घेणाऱ्या मोठ्या डेअरीला? याचं उत्तर बदललं तर यंत्राची किंमत बदलते, कदाचित यंत्रही. अर्जात ‘ग्राहक’ असा एक रकाना असेल आणि तो तू दहा मिनिटांत भरशील, याचीच मला धास्ती आहे.

इंदापूरकडे माझ्या ओळखीचे एक जण केंद्र चालवतात. त्यांच्याशी बोललोय. तिथे पहाटे साडेपाचला कॅन यायला लागतात. आठ दिवस राहा, यंत्र पिशवीतून काढू नकोस, नुसती बघत बस. सोमवारी निघणार असशील तर कळव, म्हणजे तुला न्यायला गाडी पाठवायला सांगतो.

तुझा,
मामा