गुणाकार करण्याआधी

दोन अपूर्णांकांचा गुणाकार शाळकरी मुलालाही येतो. तो करायचा की नाही हे ठरवताना मात्र भलेभले चुकतात, आणि संभाव्यतेच्या नियमांबद्दल मला सगळ्यात आधी हेच बजावून सांगायचं आहे. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील बाईंचा खटला त्यासाठी नीट समजून घ्यावा. त्यांचं पहिलं तान्हं बाळ डिसेंबर १९९६मध्ये अचानक गेलं, दुसरं जानेवारी १९९८मध्ये. आईनेच मारलं, असा आरोप झाला. १९९९मध्ये नामवंत बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली की, अशा सुस्थितीतल्या घरात बाळ झोपेत अकस्मात दगावण्याची शक्यता ८,५४३मध्ये १ आहे. दोन बाळं दगावायची तर ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. ज्यूरीने बहुमताने दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली.

हिशेब बरोबर होता, पण तो लावायला आधार नव्हता. दोन घटनांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार त्या घटना स्वतंत्र असतील तरच चालतो, म्हणजे एक घडल्याने दुसरीची शक्यता तसूभरही बदलत नसेल तर. फासा दोनदा टाकला तर दुसऱ्या खेपेला पहिल्याची आठवण नसते. सख्ख्या भावंडांचं तसं नाही. आईबाप तेच, रक्त तेच, घर आणि हवा तीच. पहिलं बाळ अज्ञात कारणाने गेलं असेल तर तेच कारण दुसऱ्याच्या वाट्यालाही आलेलं असू शकतं. म्हणून पहिल्याच्या शक्यतेला गुणायचं ते ‘पहिलं गेलं आहे हे धरून दुसरं जाण्याच्या’ शक्यतेने, आणि ती ८,५४३मध्ये १पेक्षा बरीच मोठी असणार. मुळात ८,५४३ हा आकडाही निवडक होता. घरात कोणी धूम्रपान करत नाही, कमावतं माणूस आहे, आई फार तरुण नाही, या धोका कमी करणाऱ्या गोष्टी त्यात धरल्या होत्या. पण मुलींपेक्षा मुलगे असे अधिक दगावतात आणि ही दोन्ही बाळं मुलगेच होती, हे धरलं नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, संबंध असल्याचा पुरावा नसेल तर घटना स्वतंत्र मानायला काय हरकत आहे? हरकत अशी की स्वतंत्र असणं हेही एक विधानच आहे, आणि जो गुणाकार करतो त्यानेच ते सिद्ध करायचं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडा दुरुस्त केला तरी दोन बाळं अशी जाणं दुर्मीळच ना? दुर्मीळ खरंच. पण बाळं गेली आहेत हे आता ठरलेलंच आहे. दोघांचेही मृत्यू नैसर्गिक, की दोघांचेही खून, या परस्पर अपवर्जी गोष्टी आहेत. एक खरी तर दुसरी खरी असूच शकत नाही. (अशा घटनांना पुष्कळ विद्यार्थी ‘स्वतंत्र’ म्हणतात. एकाच फाशावर २ पडला की ५ पडण्याची शक्यता शून्य होते. याहून घट्ट अवलंबन कुठलं असणार!) तेव्हा एकच बाजू दुर्मीळ आहे असं सांगून भागत नाही, दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. आईने आपली दोन बाळं मारणं हेही अतिशय दुर्मीळच. गणितज्ञ रे हिल यांनी ही तुलना केली, तेव्हा नैसर्गिक मृत्यूंची बाजू काही पटींनी जड निघाली.

निकाल काही आकड्यावर लागला नाही, इतर पुरावा होताच, असंही म्हणता येईल. २०००मध्ये पहिलं अपील फेटाळताना न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं होतं. मला ते पटत नाही. ‘७ कोटी ३० लाखांत १’ हे एकदा कानावर पडलं की वैद्यकीय साक्षीतली प्रत्येक संदिग्ध गोष्ट आरोपीच्या विरोधातच वाचली जाते. २००१मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. २००३मध्ये क्लार्क सुटल्या त्या मुख्यतः दुसऱ्या बाळाच्या तपासणीतले जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते म्हणून. पण आकड्याचा मुद्दा पूर्णपणे मांडला गेला असता तर बहुधा त्यावरही अपील मान्य झालं असतं, असं त्या न्यायालयाने निकालपत्रात नोंदवलं.