पहिलीचं गणित घरी शिकवताना पुस्तक कसं निवडावं

होमस्कूलिंगचा निर्णय झाला की पालक आधी पुस्तकांची यादी मागतात. यादी थोडी थांबू द्या. पहिलं काम मुलाबरोबर करायचं आहे.

१. मूठभर चिंचोके घ्या. त्यातले बारा मांडून मुलाला मोजायला सांगा आणि मोजून झालं की विचारा, "किती आहेत?" मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर अंक तोंडपाठ आहेत, पण शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे त्याच्या मनात अजून बसलेलं नाही. मग सात चिंचोके रुमालाखाली झाका, बाहेर तीन ठेवा आणि सगळे मिळून किती ते विचारा. जे मूल सातच्या पुढे "आठ, नऊ, दहा" मोजतं, त्याला पुस्तकाची सुरुवातीची पानं भराभर उलटली तरी चालतात. इतरांनी तिथे मुक्काम करावा. शंभरपर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलाचीही ही तपासणी चुकवू नका.

२. वर्षअखेर कुठे पोचायचं ते ठरवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने (२०२१) पहिलीसाठी ठेवलेलं उद्दिष्ट साधं आहे: ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी करता यावी. घरच्या अभ्यासाला एवढं पुरतं. हातच्याची बेरीज आणि पाढ्यांचं पाठांतर हे पहिलीचं पुस्तक निवडण्याचे निकष नाहीत. आजी-आजोबांनी कितीही आग्रह धरला तरी ते पुढच्या वर्षावर ढकला.

३. तीनपेक्षा जास्त पुस्तकं गोळा करू नका. बालभारतीचं पहिलीचं गणित घ्या. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे, म्हणून आवृत्ती तपासा. एनसीईआरटीचं 'जॉयफुल मॅथेमॅटिक्स' घ्या. हिंदीत ते 'आनंदमय गणित' या नावाने मिळतं. ही दोन्ही पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. तिसरं हवंच असेल, तर सिंगापूर पद्धतीचं 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स' चाळा. आधी वस्तू, मग चित्र, शेवटी चिन्ह हा त्याचा क्रम पक्का आहे. मात्र ते इंग्रजीत आहे आणि महागही पडतं.

४. प्रत्येक पुस्तकात दहाच्या पुढच्या संख्यांचं पान काढा. मराठी घरासाठी निवडीची खरी कसोटी इथे आहे. 'सत्तावीस' म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून मूल ऐकलं तसं ७२ लिहितं. त्याला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे, कारण त्याने कानाचं ऐकलं. एकोणतीसचं दुखणं वेगळंच. नाव तिसाचं आणि दशक मात्र दोनच. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांमुळे मुलांना वाटणारी अडचण कमी व्हावी, अशी भूमिका गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मांडली होती. मला ती मनापासून पटते. घरी आपण दोन्ही वापरू शकतो: समजायला 'वीस सात', बोलायला 'सत्तावीस'. त्यामुळे दहा काड्यांचा गठ्ठा आणि सुट्या काड्या यांवर पानंच्या पानं देणारं पुस्तक वरचढ माना. एकदम १ ते १०० चा तक्ता गिरवायला लावणारं पुस्तक बाजूला ठेवा. इंग्रजीत 'ट्वेंटी सेव्हन' म्हणताना दशक आधीच येतं, म्हणून इंग्रजी पुस्तकं या अडचणीवर थांबत नाहीत. तिथली भर आपल्यालाच घालावी लागते.

५. आता वजाबाकी बघा. 'पाच चिंचोक्यांतले दोन काढले' एवढाच प्रकार असेल तर पुस्तक अपुरं आहे. 'ताईकडे दादापेक्षा किती जास्त?' आणि 'दहा व्हायला अजून किती हवे?' हे प्रश्नही हवेत. बरोबरच्या चिन्हाकडेही लक्ष द्या. सगळीकडे ५ + ३ = □ असंच असेल, तर 'बरोबर म्हणजे पुढे उत्तर लिहा' असा मुलाचा समज होतो. ८ = ५ + □ अशी मांडणी असलेलं पुस्तक दोन्ही बाजू सारख्या असतात हे शिकवतं.

६. मग प्रत्येक पुस्तकातला एकच धडा, दहा-पंधरा मिनिटांचा, मुलाबरोबर करून बघा. उत्तर बरोबर आलं का, याहून "तू हे कसं केलंस?" याला मूल काय सांगतं ते महत्त्वाचं. शाब्दिक उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मूल वाचनात अडखळतंय आणि आपण त्याला गणितात कच्चं ठरवतोय, असं बऱ्याच घरांत होतं.

माझा कौल सांगते. घरची भाषा मराठी असेल तर बालभारतीचं पुस्तक मुख्य ठेवा आणि खेळ व कृतींसाठी एनसीईआरटीचं जोडीला घ्या. वाचलेल्या पैशांत काड्या आणि दोन रंगांचे शंभर मणी आणा. दर दहा मण्यांनी रंग बदलणारी माळ ओवून ती मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर टांगा.