दुसऱ्याच्या ठायी बसून पाहणे

जो आपल्यासारखा नाही त्याची अडचण आपली म्हणून जाणणे, हा साधकाच्या आचारातील कठीण भाग होय. श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रपर ‘स्मृतिस्थळ’ ग्रंथातील एका प्रसंगावरून याचा विचार करणे उचित ठरेल.

केशिराजबास हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे निरूपण त्या भाषेत आणावे, हा त्यांचा मानस शुद्ध होता. त्या काळी विद्वत्सभेत ग्रंथास मान मिळे तो संस्कृतामुळेच. तरीही आचार्यांनी त्यांस थांबविले. कारण एकच सांगितले : अशाने आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील.

यावर कोणी शंका घेईल की, आचार्यांनी पांडित्याचा अनादर केला काय? तसे म्हणता येणार नाही. स्वामींच्या वचनांचा ‘सूत्रपाठ’ व त्यांतील दृष्टान्तांचा ‘दृष्टान्तपाठ’ हे दोन्ही मराठी ग्रंथ केशिराजांच्याच बुद्धीची फळे आहेत. केशिराजांची दृष्टी ग्रंथाच्या थोरवीवर होती; आचार्य ऐकणारीच्या ठायी जाऊन बसले. जी संस्कृत जाणत नाही, परंतु जिने घरदार सोडून धर्म धरला, तिच्या कानी हे शब्द कसे पडतील, एवढेच त्यांनी पाहिले. तिची जिज्ञासा त्यांस पंडिताच्या जिज्ञासेहून उणी वाटली नाही.

‘दृष्टान्तपाठा’त हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त आहे. पाय धरणाऱ्यास हत्ती खांबासारखा वाटला, कान धरणाऱ्यास सुपासारखा. त्याचा मुख्य दार्ष्टान्तिक परमेश्वराच्या ज्ञानाविषयी आहे. परंतु व्यवहारासही त्यातून बोध घेता येतो. कोणाचाही हात खोटे सांगत नव्हता. आपल्या हाती आले तेवढेच सर्व, हे म्हणणे मात्र खोटे होते.

गंगापूर तालुका गोदातीरी, पैठणच्या वरच्या अंगास आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या बाजूस परभणीपर्यंतची शेते भिजली. इकडे गंगापूर तालुक्यातील गोदाकाठच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या. कालव्यावरचा शेतकरी धरणास भाग्य म्हणतो आणि ज्याची वडिलोपार्जित काळी जमीन बुडाली तो त्यास विघ्न म्हणतो. दोघेही आपल्या हाती आले तेच सांगतात. एकाच्या सुखाने दुसऱ्याचे दुःख लटके ठरत नाही.

अशा विस्थापितापुढे अनित्यतेचे निरूपण करणे सोपे आहे. शास्त्रातही त्यास आधार आहे. परंतु त्याचे काय गेले, हे त्याच्याच तोंडून ऐकण्यापूर्वी केलेले निरूपण म्हातारीपुढे ठेवलेल्या संस्कृत ग्रंथासारखेच होय. शब्द शुद्ध असतात, ऐकणारा मात्र रिकामाच परततो. यास्तव सांगणाऱ्याने प्रथम ऐकावे, मग सांगावे. आचार्यांच्या त्या एका उत्तराचा आचरणातील अर्थ हाच आहे.