समुद्रपातळीखालचा शेजार
(प्रवासवर्णन)

प्रस्तावना

नव्या गावात गेल्यावर रस्ते चार दिवसांत ओळखीचे होतात; माणसांची रीत कळायला मात्र अधिक काळ जावा लागतो. तुमच्यापैकी अनेक जण शिक्षण, नोकरी किंवा कुटुंब यांच्या निमित्ताने आपला मूळ प्रांत सोडून अन्यत्र राहत असतील. त्यांना हा अनुभव नवा नाही. प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार याच अनुभवातून जन्माला येतो. चांगला प्रवासवर्णनकार केवळ इमारतींची यादी देऊन थांबत नाही. त्या कोणी उभारल्या, कशाच्या बळावर उभारल्या आणि त्यांच्या सावलीत राहणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचाही तो शोध घेतो.

प्रस्तुत पाठात नेदरलँड्स या देशातील ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेग या शहरांची भेट आहे. या देशाला आपल्याकडे हॉलंड असेही म्हणतात. तेथील लोकांना आणि त्यांच्या भाषेला डच हे नाव आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- प्रवासवर्णनातील माहिती आणि लेखकाचे मत यांतील फरक ओळखणे.
- डच शहरांचे पाण्याशी असलेले नाते स्पष्ट करणे.
- दोन समाजांच्या आतिथ्याच्या रीतींची तुलना करणे.
- ‘तरी’ या अव्ययाचा वाक्यात योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

(१) सरोवराच्या तळाशी

आमचे विमान ॲमस्टरडॅमजवळच्या स्खिपोल विमानतळावर उतरले, तेव्हा आम्ही समुद्रपातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली होतो. आज जेथे धावपट्टी आहे, तेथे एके काळी एक विस्तीर्ण सरोवर पसरलेले होते. वादळात त्याचे पाणी आसपासच्या वस्त्यांवर चाल करून येई. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी ते उपसून कोरडे करण्यात आले. नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रपातळीच्या खाली आहे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण प्रत्यक्ष त्या भूमीवर पाऊल पडले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला.

ॲमस्टरडॅम पाहायचे ते पाण्यातून. होडीत बसले की सतराव्या शतकात खोदलेले कालवे एकामागून एक उलगडत जातात. हा कालव्यांचा परिसर २०१० साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. दोन्ही काठांवर अरुंद आणि उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली दिसते आणि तिला लोखंडी आकडा असतो. आतले जिने इतके चिंचोळे की कपाट, पलंग असे सामान दोराने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घ्यावे लागते. पूर्वी व्यापाऱ्यांचा मालही असाच वरच्या मजल्यांवर चढे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आशियातील माल येथे आणीत. कोकणातील वेंगुर्ले येथे याच कंपनीने १६३७ मध्ये वखार घातली होती. तिचे भग्न अवशेष आजही तेथे आहेत. त्यामुळे ॲमस्टरडॅमचे हे वैभव पाहताना ते आपल्या किनाऱ्यापासून फार दूरचे आहे असे वाटत नाही.

ही घरे उभी आहेत ती दलदलीवर. भुसभुशीत मातीत लाकडी खांब खोलवर ठोकून त्यांवर पाया रचलेला असतो. शहराच्या मध्यवर्ती चौकातील राजवाडा, म्हणजे १६५५ मध्ये खुले झालेले मूळचे नगरभवन, अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. लाकूड सतत पाण्यात बुडालेले असेल तर शतकानुशतके टिकते. पाणी उतरून त्याला हवा लागली की कुजू लागते. म्हणून या शहरात पाणी चढले तरी संकट आणि उतरले तरी संकट! पाण्याची पातळी नेमकी राखणे हे कोणा एका घरमालकाच्या हातचे काम नव्हे. त्यासाठी तेराव्या शतकापासून या देशात जलमंडळे आहेत. लोक त्यांना कर देतात आणि त्यांच्या सभासदांची निवडणूक होते. बांध माझ्या शेताजवळ आहे की शेजाऱ्याच्या, हा प्रश्न येथे फारसा उरत नाही. तो कोठेही फुटला तरी बुडणार सगळेच.

ॲमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनात काचेचे तीन उंच स्तंभ आहेत. दोन स्तंभांत किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणची त्या वेळची समुद्राची पातळी दिसते. तिसऱ्यातील पाणी पाहणाऱ्याच्या डोक्याच्या खूप वर जाते. १ फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात पाणी किती चढले होते, ते हा स्तंभ दाखवतो. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. कामानिमित्त तेथे येणारे नागरिक या स्तंभांजवळून ये-जा करीत असतात. संकटाची आठवण त्यांनी संग्रहालयात बंद करून ठेवलेली नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) कंसातील योग्य पर्याय निवडा : पायातील लाकडी खांब कुजू लागतात, कारण ............. (खारे पाणी वाढते / त्यांना हवा लागते / होड्या आदळतात).
(आ) तुळईच्या आकड्याचा उपयोग एका वाक्यात सांगा.

(२) रिकाम्या खोल्या

प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावरील २६३ क्रमांकाच्या घरासमोर आम्ही बराच वेळ रांगेत उभे होतो. रांगेत अनेक भाषा ऐकू येत होत्या. आत शिरल्यावर मात्र सगळे आपोआप गप्प झाले. याच इमारतीच्या मागील भागात ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी आपले आई-वडील, बहीण आणि अन्य चौघे यांच्यासह लपून राहिली होती. जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षे आठ माणसांनी येथे दबक्या पावलांनी काढली. वाट झाकण्यासाठी फिरते पुस्तकांचे कपाट केलेले होते. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ॲनने दैनंदिनी लिहिण्यास आरंभ केला होता आणि अज्ञातवासातही तिने ती चालू ठेवली. अखेर नाझी अंमलातील पोलिसांनी सर्वांना पकडून नेले. आठांपैकी केवळ वडील जिवंत परतले. १९४७ मध्ये ती दैनंदिनी प्रसिद्ध झाली.

त्या खोल्या आजही रिकाम्या आहेत. सामान नाझींनी नेले होते आणि वडिलांच्या इच्छेनुसार ते पुन्हा मांडण्यात आले नाही. भिंतीवर ॲनने चिकटवलेली चित्रे तेवढी आहेत.

या घराने मला शेजार या शब्दाचा पुन्हा विचार करायला लावला. वडिलांच्या कचेरीतील काही सहकारी स्वतःचा जीव धोक्यात घालून या आठ जणांना अन्न, पुस्तके आणि बातम्या पोहोचवीत होते. हे खरे आहे. आणि नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यू लोकांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले, हेही तितकेच खरे आहे. पाण्याला एकजुटीने थोपवणारा समाज या दुसऱ्या लोंढ्यापुढे आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना वाचवू शकला नाही.

रॉटरडॅममध्ये युद्धाची खूण वेगळ्या रीतीने भेटते. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी बाँब टाकून या शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. म्हणून ॲमस्टरडॅमसारखी जुनी घरे तेथे क्वचितच दिसतात; दिसतात ते काचेचे मनोरे, रुंद रस्ते आणि विलक्षण आकारांच्या नव्या इमारती. खाली मान घालून चालणाऱ्याला मात्र फरसबंदीत बसवलेले छोटे दिवे आढळतात. आग जेथपर्यंत पोहोचली, ती सीमा ते दाखवतात.

पाठगत प्रश्न २

(अ) ॲन फ्रँकच्या घरातील खोल्या रिकाम्या का ठेवल्या आहेत?
(आ) ‘दुसरा लोंढा’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवायचे आहे?

(३) कॉफी आणि एक बिस्किट

हेगमध्ये आमच्या परिचयाच्या एका डच कुटुंबाने वाढदिवसाला बोलावले होते. बोलावणे तीन आठवडे आधीचे, वेळ दुपारी तीनची. दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण आधी आजीबाईंचे अभिनंदन करी, मग त्यांच्या मुलीचे, जावयाचे, नातवाचे आणि शेवटी आमचेही! वाढदिवस एकीचा, पण अभिनंदन सर्वांचे, अशी तेथील रीत आहे. आपले माणूस आणखी एक वर्ष आपल्यात आहे, याचा आनंद साऱ्या घराचा, असाच त्याचा अर्थ मी घेतला.

केकचा तुकडा झाला. नंतर कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा फिरला. प्रत्येकाने एक बिस्किट घेतले आणि डबा पुढे दिला. ‘आणखी एक घ्या, आमची शपथ आहे’ असे कोणी म्हणेना. पाच वाजता पाहुणे उठू लागले, तेव्हा ‘जेवूनच जा’ असा आग्रहही झाला नाही. आग्रहाशिवाय आतिथ्य अपुरे मानणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. त्यामुळे मनात क्षणभर ‘कंजूषपणा’ हा शब्द आला. परंतु त्या दोन तासांत यजमानांपैकी कोणीही स्वयंपाकघरात अडकून पडले नव्हते. घरची सून आमच्याशेजारी बसून गप्पा मारीत होती. आजीबाईंनी आमच्या गावाविषयी बारकाईने विचारले आणि उत्तरे मन लावून ऐकली. त्यांनी पाहुण्यांना पदार्थ मोजून दिले, पण वेळ हातचे राखून दिला नाही. डच भाषेत अशा सहवासाच्या ऊबेला ‘खेझेलिख’ असा खास शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी हेगच्याच पॉल क्रूगरलान या रस्त्यावर गेलो आणि चकित झालो. दुकानांत साड्या, बांगड्या, देवांच्या तसबिरी. उपाहारगृहांत रोटी आणि रस्सा. एका दुकानातील वृद्ध बाईंचे पणजोबा कलकत्त्याहून जहाजात बसले होते. त्यांची कहाणी ही एका मोठ्या समाजाचीही कहाणी आहे. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही डचांची वसाहत होती. १८६३ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळ्यांना मजुरांची वाण पडू लागली. तेव्हा १८७३ ते १९१६ या काळात भारतातून, मुख्यतः उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागांतून, सुमारे ३४,००० माणसे कराराने तेथे नेण्यात आली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्समध्ये आले आणि त्यांतील अनेक जण हेगमध्ये स्थायिक झाले. त्यांची सरनामी ही भाषा भोजपुरी व अवधी यांच्याशी नाते सांगणारी आहे.

त्या बाईंची नात आत आली आणि तिने त्यांना ‘आजी’ अशी हाक मारली. सरनामीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. दोन महासागर आणि चार पिढ्या ओलांडून तो शब्द टिकला होता. कालव्याकाठची सुंदर घरे ज्या व्यापाराने उभी राहिली, त्या व्यापाराची दुसरी बाजू या दुकानात भेटली. ती आता त्याच शहरात घर करून होती, कर भरत होती आणि बांधाच्या राखणीत आपला वाटा उचलत होती.

पाठगत प्रश्न ३

(अ) वाढदिवसाच्या प्रसंगी सर्वांचे अभिनंदन का केले जाते, असे लेखकाला वाटते?
(आ) सुरिनाममध्ये भारतीय मजूर नेण्याचे कारण लिहा.

शब्दार्थ

वखार – व्यापारी मालाचे कोठार. तुळई – आडवे जाड लाकूड. चिंचोळा – अरुंद. अज्ञातवास – कोणाला न कळेल असे राहणे. दबक्या पावलांनी – आवाज न करता. फरसबंदी – फरशी बसवलेला रस्ता. हातचे राखून – मनात काही मागे ठेवून, अपुरे. वाण पडणे – उणीव भासणे.

भाषाभ्यास

‘पाणी चढले तरी संकट आणि उतरले तरी संकट!’ या वाक्यात ‘तरी’ दोनदा आला आहे. परस्परविरुद्ध अशा दोन्ही स्थितींत परिणाम एकच होतो, हे त्यामुळे थोडक्यात आणि ठसठशीतपणे सांगता येते. ‘बोलावे तरी पंचाईत, गप्प राहावे तरी पंचाईत’ ही रचनाही तशीच आहे. अशी दोन वाक्ये तुम्ही तयार करा.

आपण काय शिकलो?

डच शहरांचे सौंदर्य सामूहिक दक्षतेवर उभे आहे. त्या शहरांनी पुराची आणि युद्धाची स्मृती जपली आहे. तेथील आतिथ्य आपल्याहून वेगळे आहे, म्हणून ते उणे ठरत नाही. परक्या समाजाविषयी पहिल्या भेटीत सुचलेला शब्द हा अखेरचा शब्द मानू नये, हे या पाठाचे सूत्र आहे.

स्वाध्याय

१. ‘बांध कोठेही फुटला तरी बुडणार सगळेच’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
२. पाठातील दोन माहितीपर आणि दोन मत व्यक्त करणारी वाक्ये शोधून लिहा.
३. तुम्ही राहता त्या वस्तीत कोणती गोष्ट सर्वांनी मिळून सांभाळावी लागते? ती एकाने टाळली तर काय होते, ते आठ ते दहा ओळींत लिहा.
४. दुसऱ्या प्रांतातील किंवा धर्मातील कुटुंबाकडे तुम्ही पाहुणे म्हणून गेला असाल, तर तेथील एका रीतीचे वर्णन करा. ती प्रथम कशी वाटली आणि नंतर तिचा अर्थ कसा उमगला, हेही लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) त्यांना हवा लागते. (आ) सामान दोराने ओढून वरच्या मजल्यावर चढवण्यासाठी आकड्याचा उपयोग होतो.
२. (अ) सामान नाझींनी नेले होते. ते पुन्हा मांडू नये अशी ॲनच्या वडिलांची इच्छा होती. (आ) नाझी राजवटीचा अत्याचार.
३. (अ) आपले माणूस आणखी एक वर्ष आपल्यात आहे, याचा आनंद साऱ्या घराचा असतो म्हणून. (आ) गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजुरांची उणीव भासू लागली.