वारी आणि जठराग्नी

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानर होऊन चतुर्विध अन्न पचविणारा मीच आहे. तेव्हा जेवण ही आहुती होय. त्यातून वारी पावसाळ्याची, आणि या ऋतूत अग्नी मंद असतो, असे चरकांचे सांगणे.

आमचीच गोष्ट सांगतो. एका वर्षी माउलींच्या पालखीबरोबर नीरा ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत आलो. वाटेत कोणी भजी दिली, कोणी शिरा. प्रसादाला नाही कसे म्हणावे? लोणंदच्या मुक्कामी जुलाब लागले. पाणी सोडले म्हणजे जुलाब थांबतील, असे आम्ही मानले. पहाटे उभे राहवेना. तेव्हा सांगलीकडची एक म्हातारी माउली म्हणाली, "महाराज, झाड वाळाय लागलंय आन् तुम्ही पाणीच तोडताय व्हय?" तिने उकळून निवविलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजले. आमचे सारे व्याकरण त्या पेल्यापुढे फिके पडले!

तेव्हापासून आमचा नेम असा : प्रसाद कणभर घ्यावा, जेवण ज्वारीची भाकरी, मुगाची खिचडी, ताजे ताक. कापून ठेवलेली फळे नकोत, पाणी उकळलेले, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. पित्त होणाऱ्याने खर्डा आणि उपाशीपोटी चहा टाळावा. मलावरोध असेल तर पाणी व पालेभाजी वाढवावी, तासगावचे बेदाणे रात्री भिजवून सकाळी खावेत.

आता एकादशी. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची ही चारही पिके मूळची अमेरिकेची. आपल्या ऋषींना ती ठाऊकच नव्हती. मग ताटभर तेलकट खिचडी हे लंघन कसे? फळे, दूध, थोडी भगर पुरे. द्वादशीचे पारणेही हलकेच सोडावे. मधुमेही, गर्भिणी व आजारी माणसांनी वैद्याला विचारल्यावाचून उपवास करू नये. नामस्मरणाला पोट रिकामे असण्याची अट नाही.

शौचात रक्त, ताप, सारखी वांती, लघवी कमी होणे, किंवा लहान मुलाचे जुलाब, असे दिसले की घरगुती उपाय करीत बसू नये. साखरमिठाचे पाणी पाजीत तडक डॉक्टरांकडे न्यावे.

अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हेही गीतेचेच वचन. देह धड तर वारी घडते. रामकृष्ण हरि!